चिंक्वे तेर्रे: सहा जण, चार रात्री आणि सासूबाईंचे गुडघे. मुक्काम कुठे, क्रम कसा?

इंदिरानगरकर:
नमस्कार. मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात इटलीला जायचं ठरतंय. मुंबईहून मिलानला उतरणार, परतीचं विमान रोमहून. मधल्या चार रात्री चिंक्वे तेर्रेसाठी राखून ठेवल्या आहेत, म्हणजे समुद्रावरच्या कड्यांना चिकटलेली ती पाच रंगीत गावं: मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे.

सहा जण आहोत: आम्ही दोघं, दीर, सासूबाई (वय ६७) आणि मुलं (९ आणि १३). सासूबाईंना सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर चालता येतं, पण पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात. त्या पक्क्या शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. दीर आणि मोठा मुलगा डोंगरात रमणारे आहेत, त्यांना गावागावांतली पायवाट करायची आहे. आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्यामुळे तिथल्या कड्यांवरच्या बागा बघायची मिस्टरांना फार इच्छा आहे.

प्रश्न असे:
१. मुक्काम पाचांपैकी एखाद्या गावात करावा की बाहेर ला स्पेझिया शहरात?
२. गाडी भाड्याने घ्यावी का?
३. सासूबाईंना कोणतं गाव झेपेल, कोणतं सोडावं?
४. कोणती पायवाट उघडी असते? नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतोय.
५. व्हिसासाठी नाशिकहून काय तयारी लागेल? घरातलं मुख्य उत्पन्न शेतीचं आहे.

एका टूरवाल्याने "फ्लोरेन्सहून एका दिवसात पाचही गावं" असं सुचवलंय. ते बरोबर आहे का?

रेल्वेवेडा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. फ्लोरेन्सहून एका दिवसात हे करू नका. फ्लोरेन्स ते ला स्पेझिया रेल्वेने दोन ते अडीच तास, तेवढेच परत. म्हणजे तुम्ही दहा-साडेदहाला पोचणार आणि चार-पाचला निघणार. ला स्पेझियाच्या बंदरात क्रूझ जहाजं लागतात, त्यांचे प्रवासी आणि बाहेरगावच्या सहली नेमक्या याच वेळेत गावांत असतात. गल्ल्या तीन-चार माणसं शेजारी चालतील एवढ्याच रुंद. सासूबाईंना तिथे उभं राहायलाही जागा मिळणार नाही.

दुसरं कारण उन्हाचं. ही गावं नैर्ऋत्येला तोंड करून बसली आहेत आणि पाठीला डोंगर आहे. सकाळी सूर्य डोंगराआड असतो, गावं सावलीत असतात आणि रंग फिके दिसतात. दुपारी ऊन डोक्यावर. भिंतींवर तिरपं ऊन येतं ते संध्याकाळी, आणि जूनच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. जे रंग बघायला एवढ्या लांब जायचं, ते संध्याकाळी सहा ते नऊ दिसतात. तेव्हा एक दिवसाची मंडळी परतीच्या गाडीत असतात. म्हणून मुक्काम जवळच हवा. सकाळ चालायला, दुपार जेवणाला आणि आडवं व्हायला, संध्याकाळ गावं बघायला, असाच दिवस लावा.

मुक्काम: तुमच्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे, मोंतेरोस्सो. पाचांतलं सगळ्यात सपाट गाव हेच. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर फेजीना भागाचा किनारा, आणि खरा वाळूचा मोठा किनारा पाचांत इथेच आहे, मुलांचं काम झालं. जुनं गाव बोगद्यातून दहा मिनिटांच्या सपाट चालीवर. खोली फेजीना भागातच घ्या आणि बुक करण्याआधी घरमालकाला एवढं एकच विचारा: "स्टेशनपासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि लिफ्ट आहे का?" जाहिरातीत समुद्र दिसतो म्हणून लिहितात, तो तिसऱ्या मजल्यावरच्या ऐंशी पायऱ्या चढून दिसतो हे लिहीत नाहीत.

मोंतेरोस्सोचे दर झेपत नसतील तर लेव्हान्तो. ते पाच गावांत मोडत नाही, पण मोंतेरोस्सोच्या लगतचं पुढचं स्टेशन आहे. सपाट, किनारा आहे, सुपरमार्केट आहे आणि स्वस्त आहे. ला स्पेझिया तिसरा पर्याय. शहर मोठं, हॉटेलं भरपूर, पण संध्याकाळी परत शहरात यावं लागतं. मानारोला किंवा व्हेर्नात्सामध्ये राहायचा मोह होईल, फोटोत तीच गावं असतात. सहा जणांच्या बॅगा घेऊन ती चढण चढायची तयारी असेल तरच.

गाडी: नको. गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, वरच्या रस्त्यावरची पार्किंग थोडी आणि महाग, आणि रस्ता सतत वळणांचा. इथे रेल्वे हेच वाहन आहे.

मिलान सेंट्राले या मुख्य स्टेशनाहून इंटरसिटी (लांब पल्ल्याची) गाडी थेट मोंतेरोस्सोला जाते, साधारण तीन तास. मालपेन्सा विमानतळावरून मिलान सेंट्राले पाऊण ते एक तास धरा. परत जाताना ला स्पेझियाहून रोम साडेतीन-चार तास. ही लांबची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त मिळतात, मात्र स्वस्त तिकीट बदलता येत नाही. म्हणून विमान उशिरा येण्याची शक्यता धरून मिलानच्या गाडीला किमान चार तासांचं अंतर ठेवा.

गावांमध्ये फिरायला चिंक्वे तेर्रे एक्सप्रेस. ही ला स्पेझिया ते लेव्हान्तो धावते आणि पाचही गावांना थांबते. सीझनमध्ये दिवसा साधारण पंधरा-वीस मिनिटांनी एक गाडी, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी दोन ते पाच मिनिटं. एका फेरीचं तिकीट दिवसाच्या गर्दीप्रमाणे ५ ते १० युरो. 'त्रेनो कार्ड' घेतलं तर दिवसभर हव्या तितक्या फेऱ्या, शिवाय पायवाटा आणि गावातल्या छोट्या बसही त्यात येतात. गर्दीच्या दिवशी मोठ्यांचं एका दिवसाचं कार्ड ३० युरोच्या वर जातं, ४ ते १२ वयाला सवलत. हिशोब सोपा: त्या दिवशी चार वेळा गाडीत बसणार किंवा पायवाट चालणार असाल तर कार्ड, दोनदाच बसणार असाल तर सुटं तिकीट. सहा जणांसाठी रोज एकच नियम लावू नका. सासूबाई ज्या दिवशी किनाऱ्यावर बसणार, त्या दिवशी त्यांना कार्ड कशाला?

आता जिथे लोक अडकतात ते सांगतो.

कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि परदेशी माणूस म्हणून सोडत नाहीत. मोबाईलवरच्या रीजनल (स्थानिक गाडीच्या) तिकिटाला प्रवासाआधी चेक-इन करावं लागतं. कार्डावर नाव लिहा. आणि हे कार्ड इंटरसिटीला चालत नाही. त्याच फलाटावर इंटरसिटीही लागते, तेव्हा पाटीवर गाडीचा प्रकार वाचूनच चढा.

व्हेर्नात्सा आणि रिओमाज्जोरे स्टेशनांचा काही भाग बोगद्यात आहे. तुमचा डबा अंधारात थांबला तर "स्टेशन अजून यायचंय" असं समजून बसून राहू नका. दार उघडा, उतरा आणि उजेडाच्या दिशेने चाला. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण गाडी फार वेळ थांबत नाही. चुकामूक झालीच तर काय करायचं तेही ठरवा: जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं, बाकीच्यांनी पुढच्या गाडीने तिथे जायचं.

गाडीतून समुद्र दिसेल या आशेने खिडकीसाठी धडपडू नका. रस्ता बहुतेक बोगद्यांचाच आहे. समुद्रातून गावं बघायची असतील तर बोट.

पायवाट:
चौथ्या प्रश्नाचं उत्तर. नेटवर वेगवेगळं दिसतं कारण पायवाट एक नाही, तिचे चार तुकडे आहेत आणि प्रत्येकाचं नशीब वेगळं. 'सेन्तिएरो अझ्झुर्रो' म्हणजे निळी वाट, साधारण १२ किलोमीटर.

रिओमाज्जोरे ते मानारोला हा तुकडा म्हणजे 'व्हिया देल्लामोरे'. एक किलोमीटरच्या आतबाहेर, कड्यात कोरलेला, जवळजवळ सपाट. २०१२ साली दरड पडून पर्यटक जखमी झाले आणि तो बंद झाला. २०२४च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडला. आता तिथे वेळ आरक्षित करून, कार्डावर वेगळे पैसे भरून, रिओमाज्जोरेकडून मानारोलाकडे असं एकाच दिशेने सोडतात. ही वाट सासूबाईंसाठीच आहे असं समजा. पाचांतली त्यांना झेपेल अशी समुद्रकाठची वाट एवढीच. संध्याकाळची वेळ मिळाली तर उत्तम, पण ती आधी भरते, म्हणून मुक्कामाच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच बघा.

मानारोला ते कोर्नील्या हा समुद्रालगतचा तुकडा दरडींमुळे वर्षानुवर्षं बंद आहे. त्याला पर्याय म्हणजे वोलास्त्रा गावावरून जाणारी वरची वाट. तिच्याबद्दल खाली बागायतदार लिहितीलच, कारण ती द्राक्षमळ्यांमधून जाते.

कोर्नील्या ते व्हेर्नात्सा, सुमारे चार किलोमीटर, दीड-पावणेदोन तास. व्हेर्नात्सा ते मोंतेरोस्सो, साडेतीन किलोमीटर, तेवढाच वेळ किंवा जरा जास्त, कारण हा सगळ्यात खडा. अंतर बघून "एवढंच?" असं वाटेल, पण दोन्ही टोकांना दगडी पायऱ्यांची सरळ चढण आहे आणि मधे वाट इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला टेकून थांबायचं. दुसऱ्या बाजूला कठडा सगळीकडे नाही. नऊ वर्षांच्या मुलाला न्यायचं तर डोंगराच्या बाजूने चालवा.

या दोन्ही तुकड्यांना कार्ड लागतं आणि वाटेवर तपासतात. गर्दीच्या काही दिवशी मोंतेरोस्सो-व्हेर्नात्सा तुकड्यावर ठरावीक तासांत एकाच दिशेने चालू देतात. दिशा आणि वाट उघडी की बंद, दोन्ही आदल्या संध्याकाळी चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा. महिनाभर आधी बघितलेल्या माहितीचा उपयोग नाही: एक मोठा पाऊस झाला, हवामान खात्याचा इशारा लागला की वाटा बंद करतात, आणि ऊन पडलं म्हणून लगेच उघडत नाहीत. माती भिजल्यावर भिंती नंतर ढासळतात, हे त्यांना चांगलं माहीत आहे. २५ ऑक्टोबर २०११ला व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो अतिवृष्टीत चिखलाखाली गेली होती. "बंद" पाटीला वळसा घालून जाणारे दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका.

दीर आणि मोठ्या मुलासाठी: मोंतेरोस्सोहून सकाळी सातला निघा, साडेनऊपर्यंत व्हेर्नात्सात. बाकीच्यांनी तेव्हा गाडीने तिथे यायचं. प्रत्येकाकडे दीड लिटर पाणी. वाटेवर सावली थोडी आणि अकरानंतर दगड तापतात. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत. सपाट तळव्याच्या चपला, फ्लिप-फ्लॉप घालून वाटेवर गेलं तर दंड आहे, ५० युरोपासून सुरू. कारण साधं आहे: घसरून पडलेल्याला तिथून खाली आणायला बचाव पथक लागतं, कधी हेलिकॉप्टर.

तयारीसाठी महिनाभर आठवड्यातून तीनदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढा-उतरा, आणि दोनदा तरी अंजनेरी करा. जोर उतरणीवर द्या, दुसऱ्या दिवशी दुखतं ते उतरल्यामुळे.

कोर्नील्या: हे एकच गाव समुद्राकाठी नाही, साधारण शंभर मीटर उंच कड्यावर आहे. स्टेशनपासून वर ३८२ पायऱ्या, त्याला 'लार्दारीना' म्हणतात. बोट तिथे लागत नाही. स्टेशनवरून छोटी बस वर जाते, त्रेनो कार्डात ती धरलेली असते. पण गाडी आली की सगळे तिच्याकडे धावतात आणि बस लहान. सासूबाईंना न्यायचंच असेल तर गाडीतून उतरताच एकाने पुढे जाऊन रांग धरायची. माझ्या मते त्यांनी कोर्नील्या सोडावं. नुकसान होणार नाही, ते गाव वाट चालणाऱ्यांचं आहे.

रेल्वेवेडा:
पायवाट यांच्याशी सहमत. सासूबाईंसाठी बाकी गावांचा अंदाज देऊन ठेवतो. व्हेर्नात्सा सोपं आहे: स्टेशनपासून बंदरापर्यंत एकच मुख्य रस्ता, हलका उतार, आणि खाली चौकात सांता मार्गेरिता चर्चसमोर निवांत बसायला जागा. मानारोलात स्टेशनातून पायी बोगद्याने गावात यायचं, मग बंदराकडे उतार. तो रस्ता आहे, पायऱ्या नाहीत, पण तीव्र आहे. बंदराच्या पलीकडे पुंता बोनफील्योकडे जाणारी वाट थोडी चढते आणि तिथूनच तो प्रसिद्ध देखावा दिसतो. सव्वासातला तिथे पोचा, साडेनऊपर्यंत थांबा. रिओमाज्जोरेत मुख्य रस्त्यापर्यंत यायला बोगदा आहे, पण बंदराला उतरायला पायऱ्याच. त्यांनी वरच्या बाजूला बसावं.

इंदिरानगरकर:
दोघांचे मनापासून आभार, टूरवाल्याला "नको" म्हणून कळवलं. दोन गोष्टी राहिल्या. बोटीचं कसं? आणि आमच्या चार रात्री ३१ मे ते ४ जून अशा येताहेत, त्यात काही अडचण?

रेल्वेवेडा:
अडचण आहे. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन, सुट्टी. आजूबाजूच्या शहरांतले लोकही त्या दिवशी समुद्रावर येतात. त्या दिवशी गावं नकोत. एक तर तुमच्या किनाऱ्यावर बसा, नाहीतर मिस्टरांचा द्राक्षमळ्यांचा दिवस तो ठेवा, वरच्या गावांत गर्दी पोचत नाही. तारखा हलवता आल्या तर ३ ते ७ जून करा, पण त्यातला शनिवार-रविवार कुठे पडतो तेही बघा.

बोट साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, मानारोला, रिओमाज्जोरे, मग पोर्तोवेनेरे (किनाऱ्यावरचं पुढचं गाव) आणि ला स्पेझिया. त्रेनो कार्ड बोटीला चालत नाही. दिवसभराचं बोटीचं तिकीट वेगळं, ४० युरोच्या आसपास. मोंतेरोस्सोहून पोर्तोवेनेरेकडे जाताना गावं डाव्या हाताला, परतताना उजव्या हाताला. परतीची दुपारची बोट घ्या, तेव्हा ऊन गावांवर पडतं.

सासूबाईंबाबत मात्र जपून. बोटीवरून उतरायला अरुंद फळी लावतात, आणि मानारोला-रिओमाज्जोरेला ती थेट खडकातल्या पायऱ्यांवर टेकते. लाटा असतील तर फळी वरखाली होते. त्यांना मोंतेरोस्सोला चढवा आणि थेट पोर्तोवेनेरेला उतरवा, तिथला धक्का नीट आहे. मधल्या गावांना बोटीतूनच बघू द्या, आणि खरं सांगायचं तर ही गावं समुद्रातून जशी दिसतात तशी आतून दिसत नाहीत. पोर्तोवेनेरे हेही १९९७ साली या पाच गावांसोबतच युनेस्कोच्या वारसा यादीत आलं, टोकाच्या खडकावर सान पिएत्रोचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चर्च आहे.

समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आकाश निळं असलं तरी. त्यामुळे बोटीचा दिवस शेवटचा ठेवू नका. आणि लाटा असताना मुलांना व्हेर्नात्सा-मानारोलाच्या धक्क्याच्या टोकावर जाऊ देऊ नका.

कागदपत्रं_नाशिकरोड:
व्हिसाचं लिहितो. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा मागायचा. तुमच्या सगळ्या रात्री इटलीत, म्हणजे प्रश्न नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला नेहमी पंधरा दिवस, तपासणी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत. पण खरा अडसर अपॉइंटमेंटचा असतो: मे-जूनसाठी मार्च-एप्रिलमध्ये तारखाच मिळत नाहीत. आत्ता जानेवारी आहे, फेब्रुवारीत बोटांचे ठसे देऊन मोकळे व्हा. सहा जणांची वेळ एकत्रच घ्या, नाहीतर नाशिक-मुंबई दोनदा होतं.

फी जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांना ४५, सहाच्या खाली माफ. म्हणजे तुमच्या नऊ वर्षांच्याला ४५ आणि तेरा वर्षांच्याला पूर्ण ९०. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. बाराच्या आतल्या मुलांचे ठसे घेत नाहीत, मोठ्या मुलाचे घेतील. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात सगळे दिवस यायला हवेत. विमान रात्री सुटून दुसऱ्या दिवशी उतरतं तो दिवसही धरा. सासूबाईंचा विमा वेगळा तपासा, ६५ वर्षांनंतर बऱ्याच कंपन्यांचा तक्ता बदलतो.

शेतीच्या उत्पन्नाचं: शेती उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आयकर विवरणपत्रात आकडा छोटा दिसतो आणि अधिकाऱ्याला तो खर्चाशी जुळत नाही. म्हणून शेती उत्पन्न विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवलेलं असू द्या. जोडीला सातबारा, आठ-अ, व्यापाऱ्याच्या किंवा निर्यातदाराच्या द्राक्षविक्रीच्या पट्ट्या, आणि ते पैसे ज्या खात्यात आले त्याचं स्टेटमेंट. पट्टीवरची रक्कम आणि खात्यातली जमा जुळली पाहिजे. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं प्रमाणित करून घ्या. बागायतदाराच्या खात्यात पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि एरवी खातं शांत असतं, त्यामुळे तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं असलं तरी वर्षभराचं द्या आणि हंगामाचं एक परिच्छेदभर स्पष्टीकरण पत्रात लिहा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून मोठी रक्कम खात्यात भरू नका. ती लगेच डोळ्यावर येते आणि नकाराचं कारण ठरते.

दिरांचं उत्पन्न वेगळं असेल तर त्यांची फाईल वेगळी आणि पूर्ण हवी. "भावासोबत जातोय" एवढं पुरत नाही.

आणखी एक: ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत आली आहे, पहिल्या प्रवेशाला फोटो घेतात आणि व्हिसासाठी दिलेले ठसे तपासू शकतात. मिलानला रांग लांब होऊ शकते. वर रेल्वेवेडा यांनी चार तास म्हटलंय ते त्यासाठीही धरा. निघायच्या दिवशी नाशिकहून विमानतळापर्यंत पाच तास आणि वर तीन तास आधी पोचायचं, असा उलटा हिशोब करा.

निफाडचा_बागायतदार:
मिस्टरांच्या द्राक्षमळ्यांच्या दिवसाबद्दल. गावं बघायला येणाऱ्यांतले फार थोडे वर जातात आणि ही जागा समजते ती वरच.

मानारोलाहून छोटी बस वोलास्त्राला जाते, त्रेनो कार्डात चालते. वोलास्त्रा समुद्रापासून तीनशे मीटरच्या वर आहे. वाटेत ग्रोप्पो लागतं, तिथे शेतकऱ्यांची सहकारी वायनरी आहे. वोलास्त्राहून कोर्नील्याकडे जाणारी वाट सुरुवातीला बऱ्यापैकी आडवी, थेट वेलींच्या मधून जाते, खाली समुद्र. साधारण दीड-दोन तास. शेवटचा उतार खडा आहे. सासूबाईंनी वोलास्त्रापर्यंत बसने यावं, गाव बघावं आणि त्याच बसने परतावं.

काय बघायचं ते सांगतो. उतार इतका तीव्र की जमीन नव्हतीच. दगड रचून भिंती उभ्या केल्या आणि मागे माती भरली. या भिंतींत चुना-सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. ते काटकसरीसाठी नाही. पावसाचं पाणी फटींतून निघून जावं म्हणून तसं आहे, सिमेंटची भिंत असती तर मागे पाणी तुंबून फुगली असती. रचाईचं हे कौशल्य युनेस्कोने २०१८मध्ये वेगळं नोंदवलं. अडचण अशी की भिंत दरवर्षी बघावी लागते. मळा पडीक झाला, तरुण शहरात गेले, की दोन-चार पावसाळ्यांत दगड सुटतात, वरची माती खालच्या पट्टीवर येते आणि तीच दरड शेवटी पायवाटेवर उतरते. वर ज्या बंद वाटांची चर्चा चालली आहे, तिचं एक मूळ या सोडलेल्या मळ्यांत आहे. १९९९मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात जंगलाइतकंच महत्त्व या भिंतींना आहे.

वेली आपल्यासारख्या वाय अँगलवर (Y आकाराच्या आधारावर) नाहीत. जुनी पद्धत बुटक्या मांडवाची, वारा आणि खारे तुषार लागू नयेत म्हणून. तोडणी करायला वाकून किंवा बसून आत जावं लागतं. ट्रॅक्टरचा प्रश्नच येत नाही. एकाच रुळावर दातऱ्या पट्टीने चढणारी छोटी गाडी असते, तिच्यावरून क्रेट खाली-वर करतात. तो रूळ मळ्यांतून सरळ वर गेलेला दिसेल, नक्की बघा. त्यावर बसायचं मात्र नाही.

वाण तीन: बोस्को, आल्बारोला आणि व्हेर्मेंतिनो, सगळे वाइनचे पांढरे. आपल्याकडे खरड छाटणी आणि गोडी छाटणी अशा दोन. तिथे हिवाळ्यात वेल झोपते, त्यामुळे छाटणी एकच. काढणी सप्टेंबरच्या आसपास. तुम्ही जूनच्या सुरुवातीला जाल तेव्हा फुलोरा किंवा नुकती मण्यांची सेटिंग दिसेल, घड नाहीत.

'शाक्केत्रा' नावाची गोड वाइन इथली खास. निवडलेले घड सावलीत, वाऱ्यावर सुकवायला ठेवतात आणि नोव्हेंबरच्या आधी ते चिरडत नाहीत. पाणी उडालं की साखर दाट होते, पण वजन घटतं, म्हणून बाटली छोटी आणि महाग. बेदाण्याच्या शेडवर काम केलेल्याला ही प्रक्रिया लगेच कळेल. वायनरीत जायचं तर आधी ईमेल करून वेळ घ्या. आणि रोपांच्या काड्या, डोळे, माती काहीही सोबत आणू नका. बंदी आहे आणि आपल्या बागेला नवा रोग आणण्याचा धोका आहे.

शाकाहारी_प्रवासी:
सासूबाईंच्या जेवणासाठी. ही गावं ज्या लिगुरियात आहेत तो तुळशीच्या जातीतल्या बेझिलच्या पेस्तो चटणीचा प्रदेश, त्यामुळे शाकाहारी माणसाचं बाकी इटलीपेक्षा इथे बरं भागतं. 'त्रोफिए' हा पास्ता पीठ आणि पाण्याचा असतो, अंडं नसतं. ताज्या चपट्या पास्त्यात, लझान्यात अंडं असू शकतं. विचारायचं वाक्य: "चे उओव्हो?" म्हणजे अंडं आहे का. मांस-मासे नकोत हे सांगताना दोन्ही वेगळं सांगा, "सेंझा कार्ने, सेंझा पेशे". नुसतं "कार्ने नको" म्हटलं तर आंचोव्ही (छोटी मासळी) येऊ शकते, मोंतेरोस्सो त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पेस्तोत पार्मिजानो चीज असतं आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. सासूबाईंना हे चालणार नसेल तर पेस्तो नको, कारण चीज आधीच कालवलेलं असतं, वेगळं काढता येत नाही. "अल पोमोदोरो, सेंझा फोर्माज्जो" म्हणजे टोमॅटोचा रस्सा, चीजशिवाय.

त्यांच्यासाठी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे 'फारिनाता'. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचीच जाड बहीण. ला स्पेझियात हमखास मिळते. गरमच खायची, गार झाली की चामट होते. फोकाच्या या पावातही बहुतेक ठिकाणी ऑलिव्ह तेलच असतं, पण "स्त्रुत्तो" म्हणजे डुकराची चरबी आहे का एवढं विचारा.

खोली स्वयंपाकघर असलेली घ्या. भाजणी, मेतकूट, चिवडा, उपम्याची पाकिटं नेता येतात. तूप, पेढे, खवा, दूध पावडर नेऊ नका: युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, गावांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्या. रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं अडीच-तीनला बंद होतात आणि साडेसातपर्यंत उघडत नाहीत. मुलांसाठी मधल्या वेळेचं हातात ठेवा.

इंदिरानगरकर:
सगळं कागदावर उतरवून घेतलं. तारखा ३ ते ७ जून करतोय. एकच शंका: तिथे रेल्वेचे संप वरचेवर होतात म्हणे. नेमका रोमला जायच्या दिवशी संप निघाला तर?

रेल्वेवेडा:
संप आधी जाहीर झालेला असतो, अचानक होत नाही. आठवडाभर आधी "शोपेरो" (म्हणजे संप) आणि तारीख टाकून शोधा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक रीजनल गाड्या सोडाव्याच लागतात. लांबच्या गाड्यांची हमीची यादी वेगळी असते, ती रेल्वेच्या संकेतस्थळावर मिळते. तुमची गाडी यादीत नसेल तर सकाळच्या हमीच्या गाडीने ला स्पेझिया गाठा, म्हणजे निदान मोठ्या स्टेशनावर असाल. सामान ठेवायची सोय तिथे आहे, आणि यादीतल्या पुढच्या गाडीचं तिकीट तिथल्या खिडकीवर बदलून मागता येतं. संपामुळे गाडी रद्द झाली तर स्वस्त तिकिटाचेही पैसे परत मिळतात.

तरीही रोमच्या विमानाच्या दिवशी थेट मोंतेरोस्सोहून निघू नका. आदली रात्र रोममध्ये काढा. म्हणजे तुमच्या चारांतल्या चार रात्री राहतात, फक्त रोमची एक रात्र शेवटाला घ्यायची.